लघुपटाला प्रमाणपत्र कसं घ्यायचं : सोलापूरहून पहिल्यांदाच अर्ज करणाऱ्यांसाठी

आमचा ३४ मिनिटांचा लघुपट तयार झाला तेव्हा मला वाटलं, काम संपलं. कुंभारीच्या विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, राहणारी एक अव्वा (आजी), तिची आठ वर्षांची नात आणि त्या दोघींचा एक दिवस, एवढीच गोष्ट. ज्या बायकांच्या घरात शूटिंग केलं त्यांना तो मोठ्या पडद्यावर दाखवायचा, थोडं तिकीट लावायचं आणि जमलेले पैसे वस्तीतल्या मुलींच्या वह्या-पुस्तकांना द्यायचे, असं ठरलं होतं. थिएटर ठरवायला गेले तर मॅनेजरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "ताई, सेन्सॉर झालंय का?"

झालं नव्हतं. ते करायला पुढे पाच महिने गेले. त्यातले निम्म्याहून जास्त दिवस फक्त कामाचा क्रम चुकल्यामुळे गेले. जे शूटिंगआधी करायचं ते मी एडिटिंगनंतर करत बसले. आपल्याकडे आता मोबाइलवर, भाड्याच्या कॅमेऱ्यावर चांगले लघुपट करणारी मुलं-मुली खूप आहेत, पण या वाटेवरून गेलेलं माणूस शेजारी सापडत नाही. म्हणून हा लेख.

१. आधी ठरवा : प्रमाणपत्र लागतंय का?

सिनेमॅटोग्राफ कायदा १९५२ चा आहे आणि त्यातला कळीचा शब्द आहे 'सार्वजनिक प्रदर्शन'. चित्रपटगृहात किंवा कुठल्याही सभागृहात लोकांसाठी चित्रपट दाखवायचा तर केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. लांबी पाच मिनिटं असो की तीन तास, त्यातून सुटका नाही. "आम्ही तिकीट लावत नाही, मग कशाला?" असं पुष्कळजण म्हणतात. कायदा तिकिटाचं विचारत नाही, प्रेक्षक कोण आहेत ते विचारतो. कलाकार, तंत्रज्ञ आणि घरच्या माणसांना बोलावून केलेला खासगी खेळ वेगळा. हुतात्मा स्मृती मंदिर सभागृहाबाहेर फलक लावून गावाला बोलावलं की तो सार्वजनिक झाला.

यूट्यूबवर टाकायचा असेल तर या मंडळाचं प्रमाणपत्र लागत नाही. चित्रपट महोत्सवांत प्रमाणपत्र नसलेले चित्रपट दाखवता येतात, पण त्यासाठी महोत्सवाच्या आयोजकांनी माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सूट घेतलेली असावी लागते. तुमचा लघुपट महोत्सवात निवडला गेला म्हणजे तो गावातल्या थिएटरलाही चालेल, असं होत नाही. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांना पाठवायचा असेल तर मात्र प्रमाणपत्र हवंच.

आणखी एक. मंडपात किंवा मोकळ्या मैदानात पडदा लावून खेळ करायचा असेल तर प्रमाणपत्र एवढंच पुरत नाही. जागेच्या परवान्याचा विषय जिल्हाधिकारी कार्यालयाकडे असतो. गणपतीत किंवा गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत असा खेळ ठरवणाऱ्यांनी हे आधीच विचारून घ्यावं.

२. वर्ग समजून घ्या, आणि 'अ'ला फसू नका

आपण सगळे 'सेन्सॉर' म्हणतो, पण १९८३ पासून मंडळाच्या नावात 'प्रमाणन' हा शब्द आहे. त्याच वर्षी जुन्या 'यू' आणि 'ए' या दोन वर्गांत 'यूए' आणि 'एस' यांची भर पडली. २०२३ च्या दुरुस्तीने 'यूए'चे तीन भाग केले. सध्याची मांडणी अशी :

- यू : सर्वांसाठी.
- यूए ७+, यूए १३+, यूए १६+ : त्या वयाखालच्या मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावा.
- ए : फक्त १८ वर्षं पूर्ण झालेल्यांसाठी.
- एस : डॉक्टरांसारख्या विशिष्ट व्यावसायिक गटापुरता.

यूएचे तिन्ही आकडे पालकांसाठी सूचना आहेत. यूए १३+ ला दहा वर्षांच्या मुलाला घेऊन आलेल्या आईला दारावर कुणी अडवायचं नसतं. निर्णय तिचा. 'ए'चं तसं नाही. तिथे आई-वडील सोबत असले तरी अठरा वर्षांखालच्या मुलाला आत सोडणं बेकायदा आहे.

आता तो 'अ'. पडद्यावर प्रमाणपत्र दिसतं तेव्हा त्यावर देवनागरीतही खूण असते. 'यू'ची खूण आहे 'अ', म्हणजे अनिर्बंधित. 'ए'ची खूण आहे 'व', म्हणजे वयस्क. यूएला 'अव'. मराठी शाळेत शिकलेल्या माणसाच्या डोक्यात 'अ' आणि 'ए' लगेच एक होतात. आमच्या शेजारच्या मावशी एका साध्या कौटुंबिक सिनेमाला 'अ' बघून नातवाला घेऊन उठल्या होत्या, हे त्यांनीच मला सांगितलं. पोस्टर करणाऱ्या मुलानेही हीच चूक केली आणि आमच्या पहिल्या मसुद्यावर भलताच वर्ग छापला. पोस्टर छपाईला देण्याआधी ही खूण स्वतः तपासा.

३. पटकथेच्या कागदावरच वर्ग ठरवा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि ती बहुतेकजण गाळतात. लघुपट पुरा झाल्यावर "बघू कोणतं मिळतं" असं म्हणणं म्हणजे आपला प्रेक्षक कोण हे दुसऱ्याला ठरवायला सांगणं. मला कुंभारीच्या बायका त्यांच्या लेकी-नातींसह समोर बसलेल्या हव्या होत्या. मग 'ए' वर्ग मला चालणारच नव्हता, आणि हे मला लिहितानाच माहीत असायला हवं होतं.

मंडळ ज्या तत्त्वांवर चित्रपट पाहतं ती कायद्याच्या ५ब या कलमात आणि १९९१ च्या मार्गदर्शक सूचनांत छापलेली आहेत. दोन्ही मंडळाच्या संकेतस्थळावर मिळतात. ती वाचाच, फार मोठी नाहीत. त्यातलं एक वाक्य मी पटकथेच्या पहिल्या पानावर लिहून ठेवते : चित्रपट संपूर्णपणे, त्याचा एकूण परिणाम लक्षात घेऊन पाहिला जावा. एका दृश्यावरून वर्ग ठरायला नको, हा आपला हक्कच आहे. पण त्याची दुसरी बाजूही आहे. एकही कट लागणार नाही असा चित्रपट एकूण भीतिदायक किंवा लहान मुलांना न पेलणारा असेल तर त्याला वरचा वर्ग मिळू शकतो.

मी आता असं करते. पटकथेच्या प्रत्येक प्रसंगासमोर समासात पाच गोष्टींची नोंद करते : हिंसा, भाषा, नशा, लैंगिक उल्लेख, आणि मुलांनी नक्कल करावी असं काही. हा शेवटचा मुद्दा सहज निसटतो. गळ्याला दोरी लावून पाहणं, छतावरून उडी, काडेपेटीशी खेळ. गोष्टीत ते निरागस असतं, पण समोर सहा वर्षांचं पोर बसलेलं असतं.

आमच्या गोष्टीत एक प्रसंग होता. दारू पिऊन आलेला आजोबा अव्वाला मारतो आणि नात पडद्याआडून बघते. तो काढणं मला मान्य नव्हतं, कारण ज्या बायकांनी आम्हाला घरात घेतलं त्यांनी पहिल्यांदा जे सांगितलं ते हेच. प्रश्न दाखवायचं कसं, एवढाच होता. मार कॅमेऱ्यासमोर दाखवला तर एक वर्ग, नातीच्या चेहऱ्यावर कॅमेरा ठेवून नुसता आवाज ऐकवला तर दुसरा, आणि आवाजही कमी करून फक्त सांडलेल्या तेंदूच्या पानांवर थांबलं तर तिसरा. हे तीन पर्याय लिहिताना तीन ओळींचे असतात. एडिटिंगच्या टेबलावर आल्यावर त्यातला एकच हातात उरतो.

भाषेबद्दल सोलापूरकरांना खास सांगायचंय. आपलं 'काय बे', 'चल बे' हे इथे मित्र मित्राला, भाऊ भावाला म्हणतो. बाहेरच्या कानाला ते उद्धट वाटू शकतं. आमच्या लघुपटात 'बे' सतरा वेळा होता. मी संवादांच्या प्रतीला एक छोटी टीप जोडली : हा शब्द सोलापूर भागातल्या रोजच्या बोलण्यातला आहे, शिवी नाही. त्यावर एकही प्रश्न आला नाही. तेलुगू आणि कानडी संवादांचंही तसंच. आपल्या गावात एकाच गल्लीत तीन भाषा चालतात, पण पाहणाऱ्याला ते माहीत असेलच असं नाही. प्रत्येक तेलुगू ओळीखाली मराठी अर्थ लिहा आणि सबटायटल आधीच चित्रावर पक्के करून टाका. ती नंतर घातली तर तो प्रमाणित प्रतीतला बदल ठरतो.

४. शूटिंगआधीच्या परवानग्या : जनावरं आणि मुलं

गोष्टीत जनावर 'काम' करणार असेल, मग ती शेळी असो, कोंबडी असो की पाळलेला कुत्रा, तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी शूटिंगच्या आधी घ्यावी लागते. २००१ चे यासंबंधीचे नियम आहेत. जनावराच्या मालकाची संमती, पशुवैद्यकाचा दाखला आणि दृश्यात नेमकं काय होणार याचं वर्णन तयार ठेवा. शूटिंग झाल्यावर त्याच मंडळाचं ना-हरकत प्रमाणपत्र घ्यायचं आणि ते चित्रपटाच्या अर्जाला जोडायचं. अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह यांना खेळासाठी वापरायला बंदीच आहे, तो विचार सोडून द्या.

आम्ही हे केलं नव्हतं. नात शेळीला दाव्याने ओढत दाराशी आणते, असं आठ सेकंदांचं सुंदर दृश्य होतं, संध्याकाळच्या उन्हातलं. परवानगी नंतर मिळवता येईल असं मी धरून चालले. ते दृश्य काढावं लागलं. कथेला धक्का बसला नाही, पण त्या संध्याकाळचं वाईट अजून वाटतं.

बालकलाकार असेल तर निर्मात्याने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची असते. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, आणि मुलाच्या कमाईतला किमान २० टक्के भाग त्याच्या नावाने बँकेत ठेवायचा. हे प्रमाणपत्रासाठी असो-नसो, पाळा. समोर लेकरू असतं.

५. विडी, सिगारेट, तंबाखू : इथे सोलापूरकर हमखास अडकतात

आपल्या गावावर लघुपट करायचा आणि त्यात विडी येणार नाही, हे अवघड आहे. हजारो घरांत सुपात तंबाखू आणि तेंदूचं पान असतं. नियमात फक्त ओढण्याचा उल्लेख असेल अशी माझी समजूत होती. तशी ती नाही. तंबाखूजन्य वस्तू दिसली किंवा वापरली गेली, दोन्ही गोष्टी त्यात येतात. आमची अव्वा आयुष्यात कधी विडी प्यायली नाही, ती फक्त वळते. पण विडी तिच्या बोटांत अर्धा लघुपट दिसते.

म्हणून हे करावं लागतं :

- सुरुवातीला आणि मध्यावर, तंबाखूविरोधी आरोग्य संदेश, प्रत्येकी किमान ३० सेकंदांचा. तो आरोग्य मंत्रालय तयार करून देतं, आपण बनवायचा नसतो.
- सुरुवातीला आणि मध्यावर, तंबाखूच्या दुष्परिणामांबद्दलचं दृक्‌श्राव्य निवेदन, प्रत्येकी किमान २० सेकंद.
- तंबाखूची वस्तू किंवा तिचा वापर दिसत असेल तेवढा सगळा वेळ पडद्याच्या तळाशी इशारा. पांढऱ्या पट्टीवर काळी, वाचता येतील अशी अक्षरं, चित्रपटाच्याच भाषेत.
- कुठल्याही विडी-सिगारेट-गुटख्याचं ब्रँडनाव दिसायला नको. बंडलवरचं लेबल, भिंतीवरची जुनी जाहिरात, टपरीचा फलक, सगळं तपासा.

तंबाखूचे दुष्परिणाम एवढंच दाखवण्यासाठी केलेल्या माहितीपटांना यातून सूट आहे. आमचा तसा नव्हता. विडी कामगारांच्या कष्टांची गोष्ट ही वेगळी गोष्ट झाली, तिला ही सूट लागू होत नाही.

३४ मिनिटांत दोन संदेश आणि दोन निवेदनं मिळून १०० सेकंद जातात. लघुपटाला मध्यंतर नसतं, त्यामुळे 'मध्य' कुठे घ्यायचा हे आधी ठरवलेलं बरं. आम्ही नंतर घुसवलं आणि अव्वा नातीला जवळ घेते त्या क्षणीच कॅन्सरचा संदेश आला. पाहताना पोटात तुटलं. मग पूर्ण मध्याची रचना बदलली, दुपारची शिफ्ट संपते तिथे गोष्टीला श्वास दिला आणि संदेश तिथे नेला. तळाच्या पट्टीसाठी एडिटरकडे आधीच फ्रेमनुसार यादी द्या : कुठून कुठपर्यंत विडी दिसते. एक जागा सुटली तरी पुन्हा रेंडर आणि पुन्हा पैसे. आमच्या दोन जागा सुटल्या होत्या, दोन्ही सूप कोपऱ्यात दिसणाऱ्या.

६. कागदपत्रं एका फाइलीत

अर्जाला बसण्याआधी हे सगळं स्कॅन करून हाताशी ठेवा :

- निर्मात्याचं ओळखपत्र आणि चित्रपटाचे हक्क त्याच्याकडे असल्याचा कागद
- कथेचा सारांश
- पूर्ण संवाद, परभाषेतल्या ओळींच्या अर्थासह
- गाणी असतील तर त्यांचे पूर्ण शब्द
- कलाकार-तंत्रज्ञांची नामावली
- चित्रपटाचं नाव नोंदवल्याचं पत्र
- जनावरं असतील तर जीवजंतू कल्याण मंडळाचं ना-हरकत
- तुमच्या वतीने दुसरं कुणी जाणार असेल तर अधिकारपत्र

मराठी चित्रपटांच्या नावाच्या नोंदणीसाठी कोल्हापूरचं अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळ आहे. सोलापूरहून ते मुंबईपेक्षा सोयीचं. नाव नोंदवाल त्याच स्पेलिंगने पुढे सगळीकडे लिहा : श्रेयनामावलीत, अर्जात, फाइलीच्या नावात, पोस्टरवर. आमच्या नावातला एक इंग्रजी 'ए' कुठे एकेरी, कुठे दुहेरी पडला होता आणि तेवढ्यासाठी नामावली पुन्हा करावी लागली.

संगीताचे हक्क लेखी घ्या. वर्ग ठरवणारी समिती तुमच्या गाण्याचा मालक शोधत बसत नाही, पण प्रमाणपत्र मिळालं म्हणून उचललेलं गाणं तुमचं होत नाही.

७. अर्ज : घरून, स्वतः

अर्ज मंडळाच्या 'ई-सिनेप्रमाण' या पोर्टलवर होतो. खातं उघडायचं, चित्रपटाचं नाव, भाषा, मिनिट-सेकंदांत लांबी आणि तुम्हाला कोणता वर्ग हवा आहे ते भरायचं, कागद चढवायचे, शुल्क तिथेच ऑनलाइन भरायचं. भरण्याच्या दिवशी पोर्टलवर दिसेल तोच शुल्काचा आकडा धरा, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका. लांबीच्या बाबतीत ७२ मिनिटांपर्यंतचा तो लघुपट.

सापळा इथे आहे. "मुंबईत आमची ओळख आहे, अमुक इतके द्या, यू आणून देतो," असं सांगणारी माणसं भेटतात. मी एकाला पैसे दिले. त्याने तीन आठवडे फोन उचलला नाही आणि अर्ज भरलेलाच नव्हता. शेवटी मी आणि माझ्या भाच्याने एका रविवारी दुपारी घरी बसून तोच अर्ज भरला. मदतनीस घ्यायचाच तर घ्या, पण खातं तुमच्या नावाने, तुमच्या मोबाइल क्रमांकावर आणि पासवर्ड तुमच्याकडे. वर्ग 'आणून देतो' म्हणणाऱ्यापासून चार हात लांब.

नियमांत पूर्ण प्रक्रियेसाठी ४८ कामकाजाच्या दिवसांची मर्यादा आहे. लघुपटांचं काम बरंच लवकर होऊ शकतं. तरीही थिएटरची तारीख प्रमाणपत्र हातात आल्यावरच जाहीर करा. घाईच्या प्रकरणांसाठी जादा शुल्क भरून अग्रक्रमाची सोय आहे, पण पहिल्याच लघुपटाला त्या खर्चात पडू नये असं मला वाटतं.

मंडळाची प्रादेशिक कार्यालयं नऊ आहेत. आपल्याला मुंबईचं. रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसने निघायचं आणि सकाळी पोचायचं.

८. पाहणीचा दिवस

लघुपट पाहायला साधारण एक परीक्षण अधिकारी आणि सल्लागार मंडळातला एक सदस्य असतो, आणि दोघांपैकी किमान एक महिला असते. मोठ्या चित्रपटासाठी समिती मोठी. पाहणी गोपनीय असते. अर्जदाराला आत बसता येत नाही, सदस्यांची नावंही सांगितली जात नाहीत, तेव्हा विचारूही नका.

प्रत चालते का हे आदल्या दिवशी तपासणं तुमचं काम. थिएटरसाठी डीसीपी नावाची डिजिटल प्रत लागते. ती लॅबमध्ये करून मिळते, किंवा डीसीपी-ओ-मॅटिक हे मोफत सॉफ्टवेअर वापरून घरी करता येते, तीही प्रत्यक्ष थिएटरच्या सर्व्हरवर एकदा लावून पाहा. आपल्याकडचे थिएटरवाले सकाळच्या पहिल्या खेळाआधी दहा मिनिटं देतात, नीट विचारलं तर. सोबत एक जादा डिस्क ठेवा. आवाज तपासा. घरच्या हेडफोनवर ऐकलेलं कुजबुजणं मोठ्या हॉलमध्ये ओरडण्यासारखं येतं, आणि मारहाणीच्या दृश्यात याने वर्ग बदलू शकतो.

९. कट सुचवले किंवा वेगळा वर्ग मिळाला तर

घाबरू नका आणि लगेच "हो" पण म्हणू नका. मागितलेला वर्ग देणार नसतील किंवा बदल सुचवणार असतील तर म्हणणं मांडण्याची संधी मिळते. आमच्या बाबतीत मारहाणीच्या प्रसंगामुळे यूए १३+ सुचवलं गेलं. मी आधीच एका कागदावर लिहून नेलं होतं : प्रसंग गोष्टीत का आहे, कॅमेरा कुणावर आहे, रक्त किंवा मार दिसत नाही, आणि आमचा प्रेक्षक कोण. समोरच्यांनी शांतपणे वाचलं. त्यांचा मुद्दाही खरा होता, दोन फटक्यांचा आवाज नको इतका मोठा होता. ते दोन आवाज खाली आणले, प्रसंग राहिला आणि यूए ७+ मिळालं. मी यू मागितलं होतं. आज विचारलंत तर ७+ हाच बरोबर वर्ग होता असं मी सांगेन. सहा वर्षांच्या मुलीला तो प्रसंग बघताना शेजारी आई हवी.

बदल करायचे ठरले तर नेमके तेवढेच करा, किती सेकंद कुठून काढले त्याची यादी द्या, बदललेली प्रत सादर करा. या कटांची नोंद प्रमाणपत्राच्या दुसऱ्या भागात येते.

पटलंच नाही तर पुढची पायरी पुनरीक्षण समिती. त्यानंतरचं अपील पूर्वी न्यायाधिकरणाकडे जायचं, ते २०२१ मध्ये बंद झालं. आता उच्च न्यायालय, आणि त्यासाठी आदेशापासून ३० दिवस असतात. लघुपटासाठी कुणी इतकं लांब जातं का? गेलेलं आहे. दिग्दर्शक ख्वाजा अहमद अब्बास एका छोट्या माहितीपटाला 'यू' मिळावं म्हणूनच सर्वोच्च न्यायालयात गेले होते. १९७० च्या त्या निकालात न्यायालयाने पूर्वतपासणी वैध ठरवली, पण वेळेची मर्यादा आणि अपिलाची योग्य सोय हवी, हा मुद्दाही त्याच खटल्यातून पुढे आला. आज आपल्याला जी मुदत मिळते तिच्यामागे एका लघुपटवाल्याची चिकाटी आहे.

१०. प्रमाणपत्र मिळाल्यावर

ते आता कायमचं असतं. पूर्वी दहा वर्षांची मुदत होती, ती गेली. लघुपटाच्या सुरुवातीला ते पडद्यावर वाचता येईल इतका वेळ दाखवायचं. पोस्टरवर, वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत, फलकावर वर्ग लिहायचा. थिएटरमध्ये ट्रेलर दाखवायचा असेल तर त्याला वेगळं प्रमाणपत्र लागतं, हे आम्हाला शेवटच्या आठवड्यात कळलं आणि ट्रेलर सोडून द्यावा लागला.

प्रमाणित प्रतीला त्यानंतर हात लावू नका. एक शॉट वाढवला, गाणं बदललं, तरी मंडळाला कळवून नोंद करून घ्यावी लागते. दुसऱ्या भाषेत डब केलं तर त्याला स्वतंत्र प्रमाणपत्र. विनाप्रमाणपत्र किंवा बदललेली प्रत दाखवली तर तुरुंग आणि दंड दोन्हीची तरतूद आहे, आणि त्यात तुम्हाला जागा देणारा थिएटरवालाही अडकतो.

११. टीव्ही आणि ओटीटीचा रस्ता वेगळा

टीव्हीवर चित्रपट दाखवायचा तर यू किंवा यूए हवं. 'ए' किंवा 'एस' चित्रपट टीव्हीसाठी योग्य ते बदल करून वेगळं प्रमाणपत्र घेऊनच दाखवता येतो. मालिका आणि टीव्हीसाठीच केलेले कार्यक्रम मात्र या मंडळाकडे जात नाहीत. त्यांना १९९५ च्या केबल कायद्याखालची कार्यक्रम संहिता लागू असते, आणि मनोरंजन वाहिन्यांनी २०११ मध्ये स्वतःची तक्रार परिषद उभी केली. त्यांच्या पद्धतीत दोनच वर्ग आहेत : सर्वांसाठीचा, आणि मर्यादित, जो रात्री ११ ते पहाटे ५ या वेळेतच दाखवायचा.

ओटीटीवर वर्ग कंपनी स्वतः देते. फेब्रुवारी २०२१ च्या नियमांनी यू, ७+, १३+, १६+ आणि ए असे पाच वर्ग ठरवले. वर्गासोबत आत काय आहे याचं एका ओळीचं वर्णन द्यावं लागतं. १३+ आणि त्यावरच्या कार्यक्रमांना पालकांचं कुलूप आणि 'ए'ला वयाची खात्री करण्याची सोय लागते. घरात लहान मुलं असतील तर टीव्हीच्या आणि मोबाइलच्या ॲपमध्ये हे कुलूप आजच चालू करा, बहुतेक घरांत ते बंदच असतं. चुकीचा वर्ग वाटला तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लिहा. त्याने १५ दिवसांत उत्तर द्यायचं असतं.

तुमचा लघुपट ओटीटीला देताना मंडळाचं प्रमाणपत्र असलं तर कामी येतं, पण त्या वर्णनाच्या ओळीवर मात्र तुम्हीच लक्ष ठेवा. कंपनीतला कुणीतरी घाईत 'कौटुंबिक' एवढंच लिहून मोकळा होऊ शकतो. आमच्या लघुपटासाठी मी ती ओळ आधीच लिहून फाइलीत ठेवली आहे : घरगुती हिंसेचा प्रसंग, तंबाखूचं काम, दारू.